तिसरं पेडल

१३ एप्रिल, रविवार

पतपेढीने फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात पडून होती. आज उघडली, कारण मनातलं बोलायला घरात कोणी उरलेलं नाही. माणसं आहेत, पण ती सगळी सध्या पूर्ण्याच्या, म्हणजे पोरीच्या सासरच्या बाजूची झाली आहेत.

आज ईराचा साखरपुडा झाला. मुलगा कुणाल, पूर्ण्याच्या रामनाथचा धाकटा. रामनाथची भातशेती होती तिथे आता गोदामं उभी आहेत आणि गोदामांवर त्याचं घर, गाड्या, गळ्यातली साखळी सगळं उभं आहे. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो तेव्हा हाच रामनाथ जमिनीच्या कामासाठी माझ्या टेबलापुढे ताटकळायचा. तेव्हा मला भाऊसाहेब म्हणायचा. आजही भाऊसाहेबच म्हणतो, फक्त आता त्यातली चेष्टा मला कळते. पोरीनं ठरवलं, आपण अक्षता टाकायच्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती गाडीची. आमची गाडी म्हणजे अठ्ठ्याण्णव सालची झेन, ऑटोमॅटिक, बाटलीसारखी हिरवी. गाडी सुमतीची, माझ्या बायकोची. तिचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला, कॅलिपर लावून चालते. त्या पायाने क्लच दाबणं शक्यच नाही, म्हणून क्लच नसलेली ही गाडी तिने ठाण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. ईरा तेव्हा बालवाडीत होती. तेव्हापासून खारबावच्या शाळेत शिकवायला सुमती हीच गाडी घेऊन जाते. गाडी ती चालवते, मी शेजारी बसतो. आळीतली पोरं मला मॅडमचे मिस्टर म्हणतात.

तर आज पूर्ण्याला जाताना आम्ही पाच जण, मांड्यांवर पेढ्यांची ताटं, एसी चालू. रेल्वेच्या पुलाचा चढ आला आणि गाडी मंदावत मंदावत अशी झाली की बाजूने पायी जाणारा हमाल आमच्याकडे बघून गेला. मागून कंटेनरवाल्यांचे भोंगे. कुणालचा चुलतभाऊ आम्हाला न्यायला आला होता, त्याची भली थोरली गाडी आम्हाला ओलांडून गेली आणि पुलाच्या पलीकडे थांबून राहिली. सुमतीने एसी बंद केला आणि म्हणाली, जाते हो, तिच्या चालीने जाते. तिला लाज वाटत नाही हे तिचं एक बरं आहे.

उतरल्या उतरल्या रामनाथने सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊसाहेब, गारी दमली काय?"

सगळे हसले. सुमतीही हसली. वर रामनाथची आई आक्का सुमतीचा हात धरून जमलेल्या बायकांना सांगत होती, पायानं अधू हाय तरी गारी चालवते, वाघीन हाय वाघीन. बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी पेढ्यांचं ताट घेऊन उभा होतो, ते माझ्या हातून घ्यावं असंही कोणाला सुचलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

रामनाथचं ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. आंघोळ करताना, भाजी निवडताना तेच. निवृत्त माणसाचं हे असंच. कामात असतो तर दुपारपर्यंत विसरलो असतो.

लग्न एकवीस मेला. रामनाथने फुलांनी मढवलेली मोठी गाडी पाठवतो म्हणून निरोप दिला. ईराने नको म्हटलं. म्हणाली, मी आईच्या गाडीतूनच सासरी येणार. आईच्या. असो. मी लगेच जाहीर केलं की पाठवणीच्या दिवशी गाडी मी चालवणार. सुमतीने विचारलं, तुम्ही? मुलीला बापाने पोचवायचं नाही तर कोणी, असं मी म्हटल्यावर ती बरं म्हणाली.

आता ती गाडी पुन्हा पुलावर बसली तर सगळ्या पूर्ण्यात माझी शोभा. काहीतरी केलं पाहिजे. कचेरीतल्या जीपवर मी शिकलो तेव्हा इंजिनातलं बरंच काही कळायचं.

२० एप्रिल, रविवार

शेलारला भाविकचं गॅरेज आहे. तरणाबांड, दंडावर पिस्टनचं गोंदण. जुन्या छोट्या गाड्यांची ताकद वाढवून तो त्यांना शर्यतीत उतरवतो, असं ऐकून होतो. भिंतीवर चषक मांडलेत. पुसलेले नसतात, पण आहेत.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, काका, क्लासिक है ये, आजकल मिळते कुठे, आपण हिला पळवू. क्लासिक हा शब्द मला आवडला. आमच्या घरी तिला कोणी इतक्या मानाने बोलावलेलं नाही. त्याने सांगितलं की इंजिनाचं हेड घासून दाब वाढवायचा, मोठा कार्ब्युरेटर बसवायचा आणि धूर मोकळा सुटेल असा सायलेन्सर लावायचा. एवढ्यात पूल तर पूल, गाडी कसाऱ्याचा घाटसुद्धा चढेल म्हणाला.

घरी सांगितलं. उन्हाळ्याची सुट्टी लागतेच आहे, तोवर गाडी देऊन टाकू, तुला कुठे जायचंय. सुमतीने वही बाजूला ठेवली. एरवी माझ्या बोलण्यासाठी ती वही बाजूला ठेवत नाही.

म्हणाली, "इंजिनाचं काय ते करा. तिची चाल मात्र बदलू नका. माझ्या पायाला ती सवयीची आहे."

चाल म्हणे. गाडी आहे की घोडी?

३ मे, शनिवार

गाडी आली. आवाज असा झालाय की आळीतली कुत्री उठून उभी राहतात. मी भाविकबरोबर वाडा रस्त्यावर फिरून आलो. फरक आहे. नाही असं नाही. पण मनासारखा नाही. दाबलं की इंजिन ओरडतं खूप आणि गाडी मागाहून विचार करून निघते. सरकारी कचेरीसारखं. अर्ज आज, हालचाल परवा.

४ मे, रविवार

सकाळी सुमतीने चालवून बघितली. कल्याण नाक्यापर्यंत जाऊन आलो, मी शेजारी. गाडी नुसती उभी असली तरी पुढे रेटत होती, ब्रेकवरचा पाय जरा सैल पडला की निघालीच. भाविकने इंजिन उभ्या गाडीतही जोरात फिरतं ठेवलंय, नाहीतर बंद पडतं म्हणे. सिग्नलला पुढे एक रिक्षा होती. तिच्यापासून वीतभर अंतरावर सुमतीने गाडी थांबवली. तिच्या कपाळावर घाम होता.

घरी येऊन पलंगावर बसली आणि उजवी पोटरी दाबत राहिली. म्हणाली, एकाच पायावर सगळं आहे हो माझं, तो असा सारखा दाबून धरता येणार नाही, पूर्वीसारखी करून आणा. मी म्हटलं बघतो. लग्न अडीच आठवड्यांवर आलं आणि हिचं पूर्वीसारखी करून आणा. पूर्वीसारखी म्हणजे पुलावर बसणारी.

तिचा पाय दुखतो हे मलाही दिसतं. मी काही दगड नाही. रात्री तेल चोळून देऊ का विचारलं, नको म्हणाली.

७ मे, बुधवार

भाविककडे गेलो. त्याने दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवलं. म्हणाला, काका, ऑटोमॅटिकचा बॉक्स अर्धी ताकद स्वतःच खातो. तीन गिअर, तेही त्याच्या मर्जीने. इंजिनाला कितीही खाऊ घाला, चाकापर्यंत पोचेल तेव्हा ना. वर आता वाढलेली ताकद या जुन्या बॉक्सला झेपायची नाही, आज ना उद्या जळेल. मग त्याने कोपऱ्यात झाकून ठेवलेला एक गिअरबॉक्स दाखवला. त्याच गाडीचा, हाताने बदलायचा, पाच गिअरचा. एक भंगारातली झेन तोडली त्यातला, चांगल्या हालतीत.

"ये डालो और फिर देखो," म्हणाला.

विचार करतो म्हणून आलो. दुपारभर तोच विचार. सुमतीला आता दोनच वर्षं राहिली निवृत्तीला. मी घरी रिकामाच असतो. तिला शाळेत सोडणं आणि आणणं मला काय जड आहे? उलट त्या चिंचोटी रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आणि कंटेनरमधून तिने एकटीने जावं हे मला कधी आवडलेलंच नाही. बाई माणूस, त्यात पाय असा. शेजारीपाजारी मलाच नावं ठेवत असतील.

९ मे, शुक्रवार

भाविकला हो म्हणून आलो. क्लचचं पेडल, दांडा, सगळं त्याच्याकडे आहे. जुना बॉक्स ठेवायचा का विचारत होता. म्हटलं, ठेवून काय त्याची पूजा करायची? तुझ्याकडेच राहू दे.

घरी अजून सांगितलं नाही. सांगायला वेळ कुठे मिळतो. ती आणि ईरा सकाळपासून कपड्यांच्या दुकानात, संध्याकाळी घरात पाहुणे. सवडीने सांगू.

१४ मे, बुधवार

आज गाडी चालवली आणि बऱ्याच वर्षांनी मोठ्याने गाणं म्हटलं. शेलारच्या पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला, तिसरा टाकला, चौथा टाकला, वाळूचा टेंपो मागे टाकला. टेंपोवाल्याने चक्क मान बाहेर काढून बघितलं. पाय क्लचवर, हात दांड्यावर, आणि इंजिन म्हणेल तसं नाही, मी म्हणेन तसं. इतकी वर्षं या गाडीत मी सामानासारखा बसलो. दांडा हातात आला की माणूस गाडीचा मालक होतो.

मुद्दाम रेल्वेच्या पुलावरून गेलो. तिसऱ्यात चढली. उतरून परत चढवली.

गाडीवर कापड घालून मागच्या बोळात ठेवली आहे. रामनाथने येऊन बघावं आता कोण दमलंय ते.

१९ मे, सोमवार

घर पाहुण्यांनी भरलंय. माझा पंचा कोणीतरी वापरतंय. संध्याकाळी गर्दीत सुमतीने विचारलं, गाडी झाली का? झाली म्हटलं. पूर्वीसारखी? म्हटलं, त्याहून छान, बघशीलच. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिला कोणीतरी हाक मारली.

२२ मे, गुरुवार

काल लग्न झालं. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो.

लग्न चांगलं झालं. जेवणं चांगली झाली. रामनाथकडचं वऱ्हाड आम्ही धरलं होतं त्याच्या दुप्पट आलं, तरी पंगत कमी पडली नाही, कारण त्यानेच आपला आचारी आणला होता. मला न विचारता. कोणाला कमीपणा नको म्हणून आणला असं तो म्हणाला. माझाच कमीपणा झाला, पण ते जाऊ दे.

पाठवणीला मी कापड काढून गाडी दारात आणली. धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून. मागे ईरा आणि कुणाल बसले. सुमती पुढे माझ्या शेजारी. या गाडीत त्या बाजूला ती पहिल्यांदाच बसत होती. कॅलिपरचा पाय हाताने उचलून आत घेतला, पदर सारखा केला आणि मी गाडी सुरू केली. तेव्हा तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. ती खाली बघत राहिली. मी विचारलं, काही पडलं का?

म्हणाली, "नाही. तीन आहेत."

मी म्हटलं, हो, गंमत तर पुढेच आहे. रडारड चालू होती, ईरा मागे हुंदके देत होती, तेव्हा यापेक्षा जास्त काय बोलणार. सुमती रडली नाही. मला वाटलं मन घट्ट केलं असेल.

पूल आला. तिसऱ्यात टाकली आणि काय चढली म्हणून सांगू. एसी चालू, चार माणसं, तरी सुसाट. मी आरशात बघितलं. मागे एका टँकरशिवाय कोणी नव्हतं. रामनाथची सगळी माणसं केव्हाच पुढे निघून गेली होती. कुणाल फोनवर बोलत होता, ईरा डोळे पुसत होती. मी म्हटलं, बघितलंत का? कुणाल म्हणाला, काय, काका?

आणि मग वेस आली. वेशीपासून घरापर्यंत नवरीची गाडी बेंजोच्या, म्हणजे वाजंत्र्यांच्या मागून माणसाच्या पावलाने न्यायची ही तिकडची रीत. पुढे बेंजो, त्यांच्यामागे नाचणाऱ्या बायका, त्यांच्यामागे आम्ही. दोन पावलं जायचं, थांबायचं. गाणं रंगलं की जास्त थांबायचं. क्लच अर्धा दाबून माझ्या पोटरीला गोळे आले. सोडला की गाडी उडी मारायची, इंजिन बंद पडायचं. पुन्हा चालू करा, पुन्हा दोन पावलं. जुनी गाडी ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप हळूहळू सरकायची, हे मला तिथे आठवलं. आणि वास यायला लागला. काहीतरी जळाल्याचा. एकदा गाडीने अशी उसळी घेतली की समोर नाचणारी एक बाई ओरडून बाजूला झाली.

"बाबा, मी उतरते," ईरा म्हणाली.

म्हटलं, अगं नवरी आहेस तू, बस, झालंच आता. ती म्हणाली, कोणाला तरी लागेल बाबा. आणि शालू सावरत दार उघडून उतरली. कुणाल उतरला. मग सुमतीने दोन्ही हातांनी पाय बाहेर ठेवला आणि तीही उतरली. आक्का कुठून तरी पुढे आली, तिने एका हाताने ईराला धरलं, एका हाताने सुमतीला. तिघी बेंजोच्या मागून चालत गेल्या. बायकांनी सुमतीच्या पायाला झेपेल इतकं सावकाश नाचायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्या फुलं घातलेल्या गाडीत एकटा. रामनाथ आला आणि सुमतीच्या जागी येऊन बसला. मला वाटलं आता म्हणणार, दमली काय. तसं काही म्हणाला नाही. म्हणाला, "बंद करा भाऊसाहेब. पोरं ढकलतील." पोरांनी ढकलली. घराच्या अंगणापर्यंत ढकलत आणली. रामनाथ मला सोडून गेला नाही, तेवढा वेळ बसून राहिला. मध्येच त्याची नजर खाली गेली.

"आता ताईंनी कशी चालवायची?" त्याने विचारलं.

मी स्टिअरिंग सांभाळत होतो. त्याला काय करायचंय?

२६ मे, सोमवार

सुमती बोलते सगळं. चहा झालाय, गॅसवाला आला होता, लाईट गेली. त्यापलीकडे नाही. मी म्हटलं, पोरगी सासरी गेली की सगळ्याच आयांचं असं होतं, होईल हळूहळू. त्यावर ती म्हणाली, पोरीचं काय, पोरगी चांगल्या घरी गेली. आणि आत गेली.

भाविकने क्लच बदलून दिला. वरातीत कुठलाही क्लच जळतो म्हणे. मी त्याला म्हटलं, आधी सांगायचंस. तो म्हणाला, तुम्ही पूल सांगितला होता काका, वरात कुठे सांगितली.

३ जून, मंगळवार

संध्याकाळी सुमती किल्ली घेऊन खाली गेली. मी गॅलरीतून बघत होतो. गाडीत बसली. डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवला आणि मांडीवर दोन्ही हातांनी जोर दिला. पेडल काही हललं नाही. पुन्हा केलं. मग बराच वेळ नुसती बसून राहिली. शेजारच्या कमळाताई भाजी घेऊन येत होत्या, त्यांनी काचेवर टकटक केली तेव्हा सुमती काहीतरी सांगून हसली आणि उतरून वर आली. किल्ली खिळ्याला लावली.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, आता कशाला तो त्रास घेतेस, ड्रायव्हर आहे ना घरचा. खरं तर मलाच तिथे बघवत नव्हतं. तिच्याऐवजी मी खाली का गेलो नाही, कोण जाणे.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाली. सुमतीला पोचवायला निघालो. ती पूर्वी कधी निघायची याचा मला नीट अंदाज नव्हता, अंजूरफाट्याला अडकलो आणि प्रार्थना संपल्यावर पोचलो. फाटकात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. सुमती इतक्या वर्षांत उशिरा आली नव्हती म्हणे. मी काचेतून नमस्कार केला.

आणायला गेलो तेव्हा मुलं गाडीभोवती जमली. एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही नाही चालवणार? सुमती म्हणाली, नाही, सर चालवतात. मी कुठला सर. पण बरं वाटलं.

२० जून, शुक्रवार

काल रात्री जेवताना सुमतीने विचारलं, उद्या जरा लवकर निघता येईल का तुम्हाला? परवा विचारलं होतं, शाळा सुटल्यावर सभा आहे, थांबाल का? मी थांबलो. चहाच्या टपरीवर तीन पेपर वाचून काढले. पूर्वी या बाईला कुठे जायचं असलं की मला ती गेल्यावर कळायचं. आता विचारते. संसार असा असावा, चार गोष्टी एकमेकांना विचारून.

फक्त विचारताना ती माझ्याकडे बघत नाही.

२४ जून, मंगळवार

सकाळी उठायला मला अंमळ उशीर झाला. बघतो तर सुमती गेलेली. नाक्यापर्यंत चालत गेली, तिथून शेअर रिक्षाने. चौथी सीट मिळाली, पाय बाहेर काढून बसावं लागलं, असं कमळाताईंकडून कळलं. मला उठवलं असतं तर? संध्याकाळी विचारलं. म्हणाली, झोपला होतात. कॅलिपरच्या पट्ट्याने तिची मांडी सोलवटली होती. औषध लावायला मी बाटली घेऊन गेलो तर तिने बाटली घेतली आणि दार लोटलं.

हट्ट. दुसरं काय. गाडी दारात उभी आणि ही रिक्षात लोंबकळत जाते. लोक काय म्हणतील याचा विचार कोणी करायचा?

२८ जून, शनिवार

शाळेच्या मागे एक खोली तिने राहायला भाड्याने घेतली आहे. शाळेपासून पन्नास पावलांवर असेल, मीही बघितली आहे ती जागा. आज सांगितलं, म्हणजे ठरल्यावर सांगितलं. मी म्हटलं, हे मला आधी विचारायला काय झालं होतं? एवढं मोठं पाऊल उचलायचं आणि घरातल्या माणसाला पत्ता नाही, ही कुठली रीत?

ती कपाटातून साड्या काढत होती, त्यातली एक घडी मोडली होती, ती परत घातली. माझं वाक्य संपल्यावर मलाच जरा कसंतरी झालं, पण मी मागे घेतलं नाही.

न्यायला कुणाल आला होता. मी म्हटलं, सामान माझ्या गाडीत घाला, मी पोचवतो. कुणालने सुमतीकडे बघितलं. सामान त्याच्या गाडीत गेलं.

२ जुलै, बुधवार

घरात आवाज नाही. वरणभात लावला, जास्त झाला.

शेलारला गेलो. भाविकला म्हटलं, जुना बॉक्स परत बसवून दे. तो हसला. भंगारवाल्याला दिला काका, तेव्हाच गेला, ऑटोमॅटिकचं कोण घेतंय. मी म्हटलं, माझी वस्तू तू मला न विचारता दिलीस कशी? म्हणाला, तुम्हीच म्हणाला होता ना, पूजा करायची का म्हणून. मी नाक्यावरच्या तीन भंगारवाल्यांकडे जाऊन आलो. लोखंडाच्या ढिगाऱ्यात त्याच्यासारखे दिसणारे शंभर गोळे. वरातीमागून घोडं, ते आपलंच.

मग भाविकलाच पुन्हा गाठलं आणि म्हटलं, कुठूनही आण, पण तसाच बॉक्स आण. त्याने चार ठिकाणी फोन लावले. कोल्हापूरला एकाकडे बहुतेक आहे, कळवतो म्हणाला.

१० जुलै, गुरुवार

ईराचा फोन. आई बरी आहे म्हणाली, रविवारी आक्का तिला भेटायला जाऊन आल्या, सुकट दिली. आई खात नाही पण घेतली. बाबा, तुम्ही कसे आहात असं शेवटी विचारलं. मी म्हटलं, मला काय झालंय. ती म्हणाली, तेच तर.

१३ जुलै, रविवार

भाविकचा निरोप आला. कोल्हापूरचा बॉक्स पक्का आहे, हवा तर तो स्वतः जाऊन आणेल. मी पाणीही न पिता खारबावला निघालो. सुमती ओसरीवर वह्या तपासत बसली होती. खोली लहान आहे, पण उंबरा नाही, पायरी नाही. तिने चहा केला. मी कप हातात घेऊन सगळं सांगितलं. बॉक्स मिळालाय, पूर्वीचा होता तसाच, महिन्याभरात गाडी पूर्वीसारखी होईल. क्लच काढून टाकू. तू घरी चल.

तिने लाल पेन वहीत ठेवून वही मिटली.

म्हणाली, "हे खूप धावपळ करून केलंत. दिसतंय मला. पण तेव्हा मला एकदा विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. आणि वही जवळ ओढत, "म्हणजे तेवढं तुम्हाला माहीत होतं."

रागाने म्हणाली नाही. गणितात मुलाची पायरी कुठे चुकली ते दाखवताना ती जशी बोलते तशी बोलली. मग तिने वही उघडली आणि राहिलेलं पान तपासलं. मी चहा संपवला. कप कुठे ठेवायचा ते मला त्या घरात माहीत नव्हतं, म्हणून खिडकीत ठेवला. येतो म्हटलं. तिने मान हलवली.

त्या वाक्याला एखादं उत्तर असेल म्हणून घरी आल्यापासून शोधतोय. दिवा लावला नाही, जेवलो नाही, ही डायरी पुढे घेऊन बसलोय. तिचा पाय मला माहीत होता. क्लच म्हणजे काय ते माहीत होतं. त्या गाडीशिवाय ती कुठे जाऊ शकत नाही हे माहीत होतं, आणि ती नाही म्हणेल हेही. मला माहीत नव्हतं असं काही सापडलं तर तेवढं तरी तिला जाऊन सांगता येईल. अजून काही सापडलेलं नाही.